काका, मुद्दाम हरू नका!

घरातल्या कॅरमवर पाहुण्या मुलाला जिंकू देणे हा आपल्याकडे मोठेपणाचा एक सोपा प्रकार समजला जातो. राणी अगदी भोकाच्या तोंडाशी असताना मामा स्ट्रायकर वाकडा मारतात, भाचा टाळ्या पिटतो आणि स्वयंपाकघराच्या दारातून मामी हसते. पाच वर्षांच्या भाच्यापुरते हे ठीक आहे. पण भाचा बारा-तेरा वर्षांचा झाला आणि त्याच्या बोटांत खरेच कसब असले म्हणजे काय करायचे? त्याला जिंकू द्यायचे, हिसका दाखवून हरवायचे, की त्याच्याशी खेळायचेच टाळायचे? कॅरमपुरता हा प्रश्न हसण्यावारी नेता येतो. टेनिसच्या कोर्टावर मात्र तो फार लवकर गंभीर होतो. आमच्या यवतमाळसारख्या गावात तर त्याच्या उत्तरावर एखाद्या मुलाचे वा मुलीचे खेळणेच अवलंबून असते.

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. टेनिस हा इथल्या मातीतला खेळ नव्हे, आणि हे मी अगदी शब्दशः म्हणतो आहे. कपाशीची काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसाळ्यात फुगून वर येते. तिच्यावर कोर्ट टिकत नाही. म्हणून आधी ती खरवडायची, मुरूम आणून पसरायचा, पाणी मारून रोलर फिरवायचा, वर चाळलेली माती आणि शेणाचा सडा द्यायचा आणि सारे वाळले की चुन्याच्या रेषा आखायच्या. पावसाळा हे सगळे धुऊन नेतो आणि दसऱ्यानंतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! एवढी उठाठेव ज्या खेळासाठी करावी लागते, तो सामान्य माणसाच्या अंगणात कसा रुजणार?

हा खेळ आला साहेबांबरोबर. इंग्रजी अमदानीत जिल्ह्याच्या ठिकाणी कचेरी, तुरुंग, सिव्हिल लाइन्स आणि क्लब ही चौकडी ठरलेली असे. शेजारच्या अमरावतीत १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे काम सुरू झाले आणि मल्लखांब, कुस्ती, लेझीम यांनी वऱ्हाडाला वेड लावले. टेनिस मात्र क्लबाच्या कुंपणाआडच राहिले. स्वातंत्र्यानंतर साहेब बदलले, कुंपण तेच राहिले. जुनी मंडळी हसत सांगतात की, बदलून आलेला मोठा अधिकारी टेनिस खेळणारा निघाला की गावातल्या वकील-कंत्राटदारांनाही अचानक त्या खेळाची गोडी लागे. साहेबांशी ६-० असे हरले तर साहेबांना मजा येत नाही, आणि जिंकले तर आपले कागद अडकतात! तेव्हा घाम गाळून, शेवटपर्यंत चुरस दाखवून, बरोबर ७-५ असे हरायचे. मुद्दाम हरण्याची कला आमच्याकडे अशी जुनी आहे. ती साहेबांसाठी होती. पुढे तीच मुलांसाठी वापरली जाऊ लागली.

गाव एक, मुलगी एक

मी साठी ओलांडलेला माणूस. एका महाविद्यालयात शिकवण्यात आयुष्य गेले आणि त्यातली तीसेक वर्षे सकाळी टेनिस खेळण्यात गेली. आमचा कंपू ठरलेला. एक डॉक्टर, दोन वकील, बँकेतले एक अधिकारी, एक जिनिंगवाले शेठजी आणि मी. १९८५ साली सतरा वर्षांच्या बोरिस बेकरने विम्बल्डन जिंकले तेव्हा आम्ही ऐन विशीत होतो. त्याच्यासारखा सूर मारून चेंडू घेण्याच्या नादात आमच्यातल्या दोघांनी मुरुमावर गुडघे फोडून घेतले. आमचे टेनिस हे असे पाहून पाहून आलेले. शिकवायला कोणी नव्हते आणि शिकायची फारशी गरजही कोणाला वाटत नव्हती.

सात-आठ वर्षांपूर्वी या कंपूत एक मुलगी येऊन दाखल झाली. तिचे वडील शाळामास्तर, दारव्ह्याकडून बदलून यवतमाळला आलेले. मुलगी सहावीत. मे महिन्यात नागपूरला मावशीकडे राहून तिने टेनिसचे शिबिर केले होते आणि तिथल्या शिक्षकांनी वडिलांना सांगितले होते की, हिला खेळू द्या. सांगणे सोपे होते. पण खेळायचे कोणाशी? पुण्यात अशा मुलीला एका सकाळी बरोबरीची दहा मुले भेटतात. नागपुरात पाच-सहा तरी भेटतील. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर; एस.टी.ने जाऊन-येऊन दिवस मोडतो. गावात तिच्या वयाचे, तिच्या तयारीचे कोणीच नव्हते. राहिलो आम्ही, गुडघ्याला पट्टे बांधून सकाळी सहाला येणारे काका लोक.

"सर, थे पोट्टी पाच वाजताच येऊन बसली जी," कोर्ट झाडणाऱ्या भाऊंनी मला पहिल्या आठवड्यातच सांगितले. आम्ही येईपर्यंत ती एकटीच भिंतीवर चेंडू मारत असे. आम्ही चौघे झालो की डबल्स सुरू होई आणि ती बाकावर बसून पाही. पाचवा आलाच नाही तर तिला विचारायचे, अशी पद्धत आपोआप पडली. कोणी ठरवून केली नव्हती. मोठ्या माणसांच्या जगात मुलांसाठी जी जागा असते ती बहुधा अशीच असते. कोणी आले नाही तर!

कोर्ट तेवढेच, पाय निराळे

टेनिसचे कोर्ट वय पाहत नाही. लांबी ७८ फूट, एकेरीची रुंदी २७ फूट, जाळीची मध्यावरची उंची ३ फूट. पन्नाशीच्या माणसालाही तेवढीच आणि अकरा वर्षांच्या मुलीलाही तेवढीच. दहा वर्षांच्या आतल्या मुलांवर हा अन्याय होतो हे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाला पटले आणि २०१२ पासून त्यांच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू बंद होऊन कमी वेगाचे लाल, नारिंगी आणि हिरवे चेंडू आले. पण अकरावे लागले की मूल मोठ्यांच्या चेंडूसमोर उभे राहते.

तिथे आमच्यासारख्या हौशी माणसांचे फावते. आमच्याजवळ वेग नसतो, पण लबाडी भरपूर असते. मुलीची उंची साडेचार फूट, तेव्हा चेंडू उंच टोलवायचा. तो टप्पा पडून तिच्या खांद्यावरून जातो आणि तिची रॅकेट हवेत राहते. ती मागे सरकली की जाळीलगत अलगद टाकायचा. ती पुढे धावली की डोक्यावरून मागे. दोन वर्षे आम्ही तिला असे नाचवले आणि ती न कंटाळता नाचली. आम्हाला वाटे, आपण हिला शिकवतो आहोत. कुंपणाबाहेरून सल्लेही चालू असत. वकीलसाहेब म्हणत, "मनगट वापर गं!" बँकवाले म्हणत, "मनगट मुळीच वापरू नको!" ती दोघांनाही "हो काका" म्हणे आणि शिबिरात शिकवले होते तसेच खेळे.

मग आठवीच्या वर्षी तिची उंची एकदम वाढली. जो चेंडू खांद्यावरून जात होता तो आता छातीशी येऊ लागला. त्यातही ती तो खाली यायची वाट पाहीना. टप्पा पडून वर चढतानाच मारू लागली. आमचा फोरहँड मनगटातून निघतो, तिचा गुडघ्यांतून निघत होता. शिकून खेळणाऱ्यात आणि पाहून खेळणाऱ्यात हाच फरक असतो. पाहून आलेला खेळ लवकर जमतो आणि तिथेच थांबतो. शिकलेला खेळ दोन-तीन वर्षे मागे पडल्यासारखा दिसतो आणि अंगात बळ आले की एका हंगामात पुढे निघून जातो. शिवाय दम नावाची गोष्ट आहेच. २२० मधून वय वजा केले की हृदयाच्या ठोक्यांची वरची मर्यादा ढोबळमानाने कळते, असे म्हणतात. आमची १६५ च्या आसपास, तिची २०७! एका लांब रॅलीनंतर आम्ही कमरेवर हात ठेवून आभाळाकडे पाहत असू आणि ती पुढच्या सर्व्हिससाठी उभी असे. "या पोट्टीनं तं जीवच काढला बाप्पा!" असे शेठजी म्हणू लागले. कंपूतल्या एकेकाची तब्येतही त्याच सुमारास बिघडू लागली. कोणाचे कोपर दुखू लागले, कोणाला सकाळी कोर्टाची कामे निघू लागली.

एका चेंडूची गोष्ट

आमच्याकडे हिवाळ्यात एक लहानशी स्पर्धा होते. त्या वर्षी मास्तरांनी मुलीचे नाव खुल्या गटात दिले आणि बैठकीत चर्चा झडली. "मुलांचा वेगळा गट करा," असे एक वकील म्हणाले. "त्यात नावे किती?" "एकच." "मग पहिल्या फेरीआधीच चषक देऊन टाका!" सगळे हसले. पण खरी अडचण शेठजींनी सांगितली. "हरलो तर गावात तोंड दाखवता येणार नाही, आणि जिंकलो तर लोक म्हणतील, लेकराला हरवून शेखी मिरवतो." तेरा वर्षांच्या मुलीसमोर उभे राहण्यात दोन्हीकडून फजिती आहे, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. शेवटी नियमांच्या कागदावर वयाची अट कुठेच सापडली नाही, म्हणून तिला खेळू दिले.

पहिल्या फेरीत तिने मला ६-३ असे हरवले. उपान्त्य फेरीत समोर डॉक्टर होते. आमच्या कंपूतले ते सर्वांत चांगले खेळाडू आणि स्वभावाने सर्वांत मऊ. गावातली निम्मी मुले त्यांच्या हातून इंजेक्शन घेऊन मोठी झालेली. ४-४ अशी बरोबरी असताना डॉक्टरांना एक सोपा चेंडू मिळाला, जाळीजवळ, कमरेच्या उंचीवर. असा चेंडू ते डोळे मिटून आत मारतात. त्यांनी तो कुंपणावर मारला. बाकावरच्या आम्हाला सगळ्यांना कळले. कोणी कौतुकाने मान हलवली.

मुलगी जाळीपाशी आली. "काका, हा तुम्ही मुद्दाम बाहेर मारला ना?"

"अगं नाही, सुटला."

"नाही काका. फोरहँड मारताना तुम्ही ओठ चावता. आत्ता तुम्ही हसत होता." आणि मग डोळ्यांत पाणी आणून, पण अगदी स्पष्टपणे ती म्हणाली, "काका, मुद्दाम हरू नका. पुन्हा खेळू या."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी पंचांकडे पाहिले. पंच म्हणजे बँकवालेच. त्यांनी "पॉइंट पुन्हा" असे जाहीर केले. हे कोणत्या नियमात बसते हे त्यांना कोणी विचारले नाही. त्यानंतर डॉक्टर ओठ चावून खेळले आणि ६-४ असे जिंकले. मुलगी लिंबाच्या झाडाखाली जाऊन दहा मिनिटे रडली. मग तोंड धुऊन आली आणि डॉक्टरांना म्हणाली, "काका, तुमचा स्लाइस टप्पा पडल्यावर वर का येत नाही? मला शिकवाल?" डॉक्टरांनी तो महिनाभर शिकवला. पुढच्या हिवाळ्यात त्याच स्लाइसने तिने त्यांना हरवले, आणि डॉक्टर आठवडाभर प्रत्येक पेशंटला ती हकिगत सांगत सुटले.

त्या दिवशी त्या मुलीला काय लागले असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तिला गुण नको होता असे नाही. तेरा वर्षांच्या मुलीला जिंकायची भूक आमच्यापेक्षा जास्तच असते. पण पहाटे पाचला उठून ती जे कमवत होती, त्याचे माप तिला हवे होते. कापसाच्या बाजारात काटा खोटा असला की शेतकरी चिडतो. मग तो काटा त्याच्या बाजूने झुकलेला का असेना, शहाण्या शेतकऱ्याला त्याचा भरवसा वाटत नाही, कारण आपले खरे वजन त्याला कधीच कळत नाही. आम्ही म्हणजे तिचा काटा होतो. गावात दुसरा नव्हताच.

कोणीतरी परवानगी दिली होती

मोठ्यांमध्ये खेळून वाढलेली मुले हा काही नवा प्रकार नाही. ज्या गावांत, ज्या काळात बरोबरीची मुले नव्हती, तिथे खेळाडू असेच घडले. भारतीय टेनिसचे थोर खेळाडू रामनाथन कृष्णन यांना त्यांचे वडील टी. के. रामनाथन यांनी घडवले. हे वडील स्वतः जुने टेनिसपटू, आणि त्यांची ओळख नागपूरचे खेळाडू अशी होती, हे आपल्या विदर्भातल्या वाचकांना ठाऊक असायला हवे. कृष्णन तेरा-चौदा वर्षांचे असताना मद्रासच्या लॉयोला कॉलेजच्या प्राचार्यांची खास परवानगी काढून महाविद्यालयीन तरुणांच्या बर्ट्रम स्पर्धेत उतरले आणि १९५१ साली त्यांनी ती जिंकली. १९५४ मध्ये विम्बल्डनचे ज्युनिअर विजेतेपद, १९६० आणि १९६१ मध्ये विम्बल्डनची उपान्त्य फेरी, हे सगळे त्यानंतरचे. १९७९ साली त्यांचे चिरंजीव रमेश यांनीही विम्बल्डनचे ज्युनिअर विजेतेपद मिळवले. मला या हकिगतीत त्या प्राचार्यांचे महत्त्व वाटते. नियमावर बोट ठेवून त्या पोराला परत पाठवणे त्यांना सहज शक्य होते.

त्याही आधीचे, आपल्या मराठी मुलखातले उदाहरण पंडिता क्षमाबाई राव (१८९०-१९५४) यांचे. 'सत्याग्रहगीता' लिहिणाऱ्या संस्कृत कवयित्री म्हणून त्या अभ्यासकांना माहीत आहेत. त्या मुंबईत टेनिसही खेळत, हे फार थोड्यांना माहीत असते. त्यांची कन्या लीला १९३४ साली विम्बल्डनमध्ये महिला एकेरीचा सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री ठरली. पुढे २००५ साली सानिया मिर्झा तिथे जिंकेपर्यंत मध्ये सत्तर वर्षे गेली. रॅकेट हातात धरणाऱ्या मुली बोटांवर मोजण्याइतक्या असतील अशा त्या काळात लीलाच्या घरातच एक मोठे माणूस खेळणारे होते. मुलीच्या दृष्टीने ही केवढी पुंजी!

आणि हे फक्त टेनिसचे नाही. विदर्भातल्या बुद्धिबळाच्या स्पर्धांत पिकल्या केसांची माणसे तिसरी-चौथीतल्या मुलांसमोर डोके धरून बसलेली दिसतात. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमी येथे महिला विश्वचषक जिंकला तेव्हा ती १९ वर्षांची होती आणि अंतिम फेरीत समोर होती दुप्पट वयाची, ३८ वर्षांची कोनेरू हम्पी. पहिले दोन डाव बरोबरीत सुटले, निकाल टायब्रेकमध्ये लागला. हम्पीने तसूभरही सवलत दिली नाही, म्हणूनच त्या विजयाला किंमत आली. २०१९ च्या विम्बल्डनमध्ये १५ वर्षांच्या कोको गॉफने ३९ वर्षांच्या व्हीनस विल्यम्सला हरवले आणि सामना संपताच जाळीपाशी तिचे आभार मानले, कारण व्हीनसला पाहूनच ती खेळायला लागली होती. जानेवारी २०२३ मध्ये बालेवाडीच्या महाराष्ट्र ओपन स्पर्धेत पुण्याचा १५ वर्षांचा मानस धामणे अमेरिकेच्या मायकेल ममोहकडून २-६, ४-६ असा हरला. पण ज्याने त्याला मुख्य स्पर्धेत थेट प्रवेश दिला आणि जो त्याच्याशी मनापासून खेळला, त्या दोघांनीही त्याला काहीतरी दिलेच.

रेषेवरचा चेंडू

मुद्दाम हरणे हा झाला एक दोष. त्याच्या उलट बाजूलाही एक दोष आहे आणि तो जास्त वाईट आहे. क्लबातल्या टेनिसला पंच नसतो. आपल्या बाजूचा चेंडू आत की बाहेर हे ज्याचे त्यानेच सांगायचे आणि शंका असेल तर गुण समोरच्याला द्यायचा, असा या खेळाचा संकेत आहे. बरोबरीच्या दोन माणसांत हे ठीक चालते. एकाने चुकीचे सांगितले तर दुसरा तोंडावर बोलतो, दोघे थोडे भांडतात आणि मग चहा घेतात. पण आपल्याकडचे मूल काकांना "चेंडू आत होता" असे कसे म्हणणार? वडीलधाऱ्यांना उलटून बोलू नये हे त्याला घरी शिकवलेले असते आणि ते चांगलेच शिकवलेले असते. म्हणून मुलाशी खेळताना रेषेवरच्या चेंडूची सगळी जबाबदारी मोठ्यावर येऊन पडते. मुरुमाच्या कोर्टावर ठसा उमटतो, ही देवाची कृपा. आमच्या डॉक्टरांची पद्धत मला फार आवडते. ते नुसते "बाहेर" म्हणत नाहीत. "ये, ठसा बघ," म्हणून मुलाला जाळीच्या या बाजूला बोलावतात आणि ते स्वतः मान हलवेपर्यंत गुण मोजत नाहीत. मुलाला त्या दिवशी टेनिसपेक्षा मोठे काहीतरी समजते. आपले डोळे मोठ्या माणसाच्या डोळ्यांइतकेच विश्वासाचे आहेत, ही गोष्ट फार थोडी माणसे मुलांना सांगतात.

मोठ्यांशी खेळवण्याच्या उत्साहात मुलांची पिळवणूक होऊ नये हेही तितकेच खरे. अमेरिकेची जेनिफर कॅप्रियाटी १९९० साली चौदाव्या वर्षी फ्रेंच ओपनच्या उपान्त्य फेरीत पोचली. जगाने तिला डोक्यावर घेतले, आणि काही वर्षांतच ती मुलगी खेळापासून आणि स्वतःपासूनही दुरावली. पुढे ती सावरली, मोठ्या स्पर्धाही जिंकली. पण १९९५ पासून महिला व्यावसायिक टेनिसमध्ये अठरा वर्षांखालील मुलींनी किती स्पर्धा खेळायच्या यावर मर्यादा घालावी लागली. आमच्या गावात एवढ्या मोठ्या संकटाची भीती नाही. पण सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, रविवारी नागपूर, त्यात कोपर दुखते आणि गणिताची चाचणी, एवढे एका मुलाच्या डोक्यावर लादणारे आईबाप इथेही भेटतात. मुलाला मोठ्यांसमोर उभे करायचे ते त्याला खेळ कळावा म्हणून. गावात आपले नाव व्हावे म्हणून नव्हे.

करण्यासारखे थोडे

मग करायचे काय? उपाय अगदी साधे आहेत आणि त्यांना पैसे लागत नाहीत. पहिला म्हणजे डबल्स. एकेरीत २७ फूट रुंदी एकट्याने सांभाळायची असते. दुहेरीत कोर्ट ३६ फुटांचे होते, पण माणसे दोन, म्हणजे प्रत्येकी १८ फूट. वयाचे अंतर तिथे मिटते. म्हाताऱ्याची नजर आणि मुलाचे पाय यांची जोडी चांगली जमते. रोहन बोपण्णा जानेवारी २०२४ मध्ये ४३ व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपन जिंकला तो दुहेरीत. त्याआधी काही महिने, २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्याने आपल्या महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसलेबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले. दोघांच्या वयांत सोळा वर्षांचे अंतर होते. मुलाला बाकावर बसवून चौघा काकांनी खेळण्यापेक्षा रोज एका काकाने बाकावर बसावे, एवढेच करायचे आहे.

दुसरा उपाय जुन्या क्लबांतला, हँडिकॅपचा. समोरचा कमजोर असेल तर त्याला प्रत्येक गेममध्ये आधीच १५ किंवा ३० गुण देऊन खेळायचे. १८८७ साली पंधराव्या वर्षी विम्बल्डन जिंकणारी लॉटी डॉड पुढे पुरुष विजेत्यांशी अशाच रीतीने खेळली होती. यात लपवाछपवी नाही. सवलत आधी जाहीर होते आणि मग दोघेही जीव तोडून खेळतात. मूल वाढत जाते तसे ३० चे १५ होतात, १५ चे शून्य होते, आणि एके दिवशी ते मूलच विचारते, "काका, तुम्हाला १५ देऊ का?" तो दिवस ज्याच्या आयुष्यात आला त्याने गावात साखर वाटावी.

आमच्या त्या मुलीचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. ती विम्बल्डनला गेली नाही. दहावीनंतर अभ्यास वाढला, नागपूरच्या खेपा घरच्यांना झेपेनाशा झाल्या आणि स्पर्धा हळूहळू सुटल्या. आज ती बाहेरगावी इंजिनिअरिंग शिकते आणि तिथल्या कॉलेजच्या संघातून खेळते. लहान गावातल्या बहुतेक गुणी मुलांची हकिगत इथेच येऊन थांबते, आणि त्याची हळहळ मला आहे. आम्ही तिला प्रशिक्षक देऊ शकलो नाही, चांगले कोर्ट देऊ शकलो नाही, बरोबरीच्या मैत्रिणी तर नाहीच. आमच्याजवळ देण्यासारखे एकच होते, ते म्हणजे आमचा खरा खेळ.

तिच्यामागून आता सहा-सात मुले येऊ लागली आहेत. त्यात पांढरकवड्याहून वडिलांच्या मोटारसायकलवर मागे बसून रविवारी येणारा एक आहे. त्याचे वडील मला विचारत होते, "सर, याच्यात काही आहे का जी?" मी म्हटले, ते सांगणारा मी कोण? त्याला आमच्या डॉक्टरांशी खेळवा, वकीलसाहेबांशी खेळवा, माझ्याशी खेळवा. आम्ही त्याला एकही चेंडू फुकट देणार नाही आणि त्याचा एकही चेंडू चोरणार नाही. दोन वर्षांत त्याचे त्यालाच कळेल.

तुमच्या घरात टेनिस नसेल. तबला असेल, बुद्धिबळ असेल, चित्रांची वही असेल किंवा गणिताची कोडी असतील. जे असेल त्यात तुमचे मूल एक दिवस तुमच्या बरोबरीला येईल आणि मग तुमच्या पुढे जाईल. त्या दिवसाला भिऊ नका आणि तो खोटेपणाने लवकरही आणू नका. तोवर ओठ चावून खेळा.